अंटार्क्टिकाला फुकट, परिषदेला मात्र पदरचे पैसे

मी अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिणी महासागरातल्या डायटमवर पीएचडी करतेय असं आमच्या नाशिकच्या सिडकोत कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग तिकडे जायला किती खर्च येतो गं?" (डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ, गोदावरीतही आहेत, त्यासाठी एवढ्या लांब कशाला, हा आत्याचा प्रश्न.) तर खरं सांगायचं म्हणजे सरकारी मोहिमेत नंबर लागला तर खिशातून फार काही जातच नाही. गोव्याची एनसीपीओआर, म्हणजे ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था, सगळं बघते, दिल्लीला एम्समध्ये मेडिकल, औलीला आयटीबीपी म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फातलं ट्रेनिंग, मग पुढचा प्रवास, गरम कपडे, जेवणखाण, सगळं. पैसे लागतात ते नंतर, तिथल्या पाण्यातून काय सापडलं ते जगातल्या चार जाणकारांपुढे सांगायला जायचं असतं तेव्हा.

आणि जावं तर लागतंच. ध्रुवीय समुद्राचं काम एकट्याने होत नाही हो, आपल्याकडे स्वतःचं पोलर रिसर्च जहाज अजून नाही, ते बांधण्यासाठीचा सामंजस्य करार २०२५ मध्ये झाला, तोवर भाड्याची जहाजं. जर्मनीच्या पोलारस्टर्नसारख्या जहाजावर एक बर्थ हवा असेल किंवा कुणाकडचे जुने सॅम्पल हवे असतील तर ते बोलणं परिषदेत आपल्या कामाच्या पोस्टरसमोर उभं राहून चहा पिताना होतं, मेलवर नाही. स्कार म्हणून १९५८ पासूनची संस्था आहे, अंटार्क्टिकावरच्या संशोधनाची, तिची मोठी परिषद दर दोन वर्षांनी भरते. २०२२ ला ती भारताकडे आली, यजमान गोव्याचीच एनसीपीओआर! नाशिकहून रात्रीच्या बसने जाऊन आले असते, पण कोरोनामुळे सगळी ऑनलाइन झाली आणि मी माझं भाषण घरच्या डायनिंग टेबलवरून दिलं, मागे कुकरच्या शिट्ट्या. पुढची २०२४ ला कुठे तर चिलीतल्या पुकोनला. म्हणजे मुंबई, मग कुठून तरी वळसा घालून सांतियागो, मग तेमुको, मग बस. तिकीट लाखाच्या बरंच पुढे.

मला ट्रॅव्हल अवॉर्ड मिळालं होतं बरं का. घरी पेढे वाटले. मग पत्र नीट वाचलं तर त्यात एक ओळ, खर्चाची रक्कम प्रवास पूर्ण झाल्यावर मूळ बोर्डिंग पास आणि पावत्या जमा केल्यानंतर अदा केली जाईल. म्हणजे तिकीट, रजिस्ट्रेशन, व्हिसा, इन्शुरन्स, राहणं, सगळं आधी मी भरायचं आणि मग त्यांच्या अकाउंट्स विभागाच्या सवडीने परत मिळणार. फेलोशिपही तेव्हा थकलेली, ती कधी वेळेवर येते म्हणा. पप्पा अंबडला एका कंपनीत आहेत, आईची एफडी ताईच्या लग्नात मोडलेली. शेवटी मी आणि पप्पा ते पत्र घेऊन कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत गेलो. मॅनेजर साहेबांनी पत्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ताई, बोटीवर नोकरी लागली का?" मी समजावलं, पैसे मंजूर आहेत फक्त नंतर येणार आहेत, तर ते म्हणाले ते सगळं खरं हो, पण याच्यावर शिक्का भारतातला नाही, तारण म्हणून कसं धरू, त्यापेक्षा सोनं ठेवा. मग आईच्या पाटल्या ठेवल्या. जाऊन आले, बोलणं छान झालं, पैसे परत यायला इतका उशीर झाला की व्याजाचा आकडा मी लिहीत नाही.

माझ्याकडे निदान पाटल्या तरी होत्या. आमच्याच लॅबमधला निफाडकडचा एक मुलगा, काम माझ्यापेक्षा सरस, त्याने अर्जच केला नाही कारण घरी द्राक्षाच्या व्यापाऱ्याने पैसे अडकवलेले. कुठल्याही यादीत तो दिसणार नाही, नाकारलेल्यांतसुद्धा नाही. निवड समितीला वाटतं आपण गुणवत्तेवर निवडलं, पण आधीची चाळणी घरच्या रोकडीने लावलेली असते.

आता कामाचं. अपेक्सचं सभासदत्व फुकट आहे, ध्रुवीय क्षेत्रातल्या नवख्या संशोधकांचीच संघटना, २००७-०८ च्या ध्रुव वर्षाच्या वेळी सुरू झालेली, तिथे अशा संधी कळत राहतात. आर्क्टिकवर काम असेल तर आयएएससी, म्हणजे आंतरराष्ट्रीय आर्क्टिक विज्ञान समिती, बघा. स्कॉर (स्कार नव्हे, ही समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती) विकसनशील देशांतल्या लोकांच्या प्रवासाला पैसे देतं पण तो अर्ज परिषदेच्या आयोजकांनी करायचा असतो, तेव्हा आयोजकांनाच लवकर विचारा, तुम्ही स्कॉरकडे मागितलेत का. केंद्र सरकारच्या पैशावर जाणार असाल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या सरकारी कंपन्यांकडूनच काढावं लागतं हा २०२२ चा नियम, स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या ॲपवरून काढलंत तर बिल अडकतं. आणि आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जाणाऱ्यांनो, तिथे व्हिसा लागत नाही हे ऐकून हुरळू नका, वाट नॉर्वेतून जाते आणि स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे, परत येताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरता, त्यामुळे डबल एंट्रीचाच व्हिसा मागा.

सगळ्यात महत्त्वाचं, अवॉर्डचं पत्र आलं की आभाराच्या मेलमध्येच विचारायचं, तिकीट तुम्ही थेट काढाल का, हॉस्टेलचं बिल परस्पर भराल का, रजिस्ट्रेशन फी आत्ताच माफ होईल का. लाजायचं नाही. ऑगस्ट २०२६ ला स्कारची परिषद ओस्लोला आहे, तिथल्या एका वर्कशॉपवाल्यांना मी हेच विचारलं तर दुसऱ्या दिवशी उत्तर, हॉस्टेल आम्ही बुक करतो, तिकिटाचं विचारून सांगतो. निफाडच्या त्या मुलालाही तोच मेल कॉपी करून दिलाय, नाव तेवढं बदल म्हटलं.