ऐंशी शिपायांची फौज

शांततेच्या काळातील खडी फौज प्रजासत्ताकाच्या तत्त्वांशी विसंगत ठरवून अमेरिकेच्या काँग्रेसने २ जून १७८४ रोजी फोर्ट पिटला २५ आणि वेस्ट पॉइंटला ५५ शिपाई ठेवले व बाकीच्यांना घरी पाठवले, हे वाचून मी थबकलो. बोस्टनमध्ये १७७० साली ब्रिटिश शिपायांनी केलेल्या गोळीबाराचा धसका अजून ओसरला नव्हता. नागरिकांच्या लष्करावर, म्हणजे गरजेपुरते शस्त्र हाती घेणाऱ्या सामान्य लोकांवर, विसंबणे म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणे, असे सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७७६ मध्येच काँग्रेसला कळवले होते, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. तरीही १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकाला बंदूक, तिच्या ठिणगीसाठी दोन जादा गारगोट्या आणि पाठपिशवी पदरमोड करून बाळगायला सांगितले. गरीब शेतकऱ्याने हे पैसे कोठून आणायचे, याविषयी कायदा गप्पच होता.