आईची वाटी

आज आईबरोबर सराफाकडे गेले होते. मंगळसूत्राची एक वाटी चेपली होती. सराफकाकांनी वाटी काट्यावर ठेवली, उठून पंखा बंद केला आणि आकडा थांबायची वाट बघत बसले. वाऱ्यानेसुद्धा काटा हलतो म्हणे.

माझ्या डोक्यात मात्र १७ ऑगस्ट २०१७. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांभोवती गरगरणारे दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे, आदळल्याची खबर त्या दिवशी पोचली. एकेकाची रुंदी जेमतेम वीसेक किलोमीटर, वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त! अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेला गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचीच थरथर, दिसल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. मग जी झळाळी दिसली ती आधी निळसर, काही दिवसांत लालसर. मला हाच भाग सगळ्यात आवडतो. टकरीत तयार झालेली जड मूलद्रव्यं निळा प्रकाश अडवून धरतात, लाल तेवढा निसटतो. खगोलशास्त्रज्ञ ब्रायन मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी या झळाळीचं, म्हणजे 'किलोनोव्हा'चं, गणित २०१० मध्येच मांडलं होतं. सात वर्षं आधी, नुसतं कागदावर! आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही पुढे या टकरीचे रेडिओ तरंग टिपले.

सोनंही अशा टकरींत तयार होतं. पण सगळं सोनं तिथलंच का, यावर वाद आहे. काही सुपरनोव्हांचा, म्हणजे स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांचाही वाटा असू शकतो.

आईला म्हटलं, "ही वाटी ताऱ्यांच्या टकरीतून आलेली असेल बघ."

"असू दे. मजुरी किती घेणार ते विचार आधी."