टॉवर म्हटलं की कांचनजंगाच का?

"सर, मुंबईत साठ-सत्तर मजली टॉवर झाले, तुम्ही अजून कांचनजंगावरच?" आर्किटेक्चरची नवी बॅच आली की कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा भाचीनेही विचारलं, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

कांचनजंगा म्हणजे मुंबईतल्या कंबाला हिलवरची निवासी इमारत, १९८३ साली पूर्ण झालेली. काम आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांचं. उंची ८४ मीटर, प्लॅन जेमतेम २१ मीटरचा चौरस, फ्लॅट फक्त ३२. बड्यांचीच घरं, त्यात वाद नाही. (याच दोघांनी इंजिनिअर शिरीष पटेलांबरोबर नवी मुंबईची कल्पना मांडली होती, हेही मुलांना सांगावं लागतं.)

मुंबईत घर बांधताना एक गोची असते. वारा आणि समुद्र पश्चिमेला, बंदर पूर्वेला, म्हणजे घराचं तोंड पूर्व-पश्चिमच हवं. पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही पश्चिमेकडूनच येते. जुन्या बंगल्यांना हे कळलेलं होतं. खोल्यांभोवती व्हरांडा ठेवायचा, ऊनपाऊस काय तो तिथेच थोपवायचा. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून टॉवरच्या कोपऱ्यांत नेला आणि त्याची दोन मजले उंच, खोल गच्ची केली. रस्त्यावरून मान वर केली की इमारतीचे कोपरे कुणीतरी चावा घेतल्यासारखे दिसतात, त्या याच गच्च्या. त्यांच्या कोपऱ्याला खालून खांब नाही, सहा मीटरहून जास्त भाग अधांतरी आहे. लिफ्टचा मधला काँक्रीटचा गाभा सरकत्या साच्याने (काँक्रीट ओतत साचा वर सरकवत न्यायचा) आधीच वर चढवला होता, वाऱ्याचा आडवा जोर मुख्यतः तोच पेलतो. फ्लॅट एकमेकांत असे अडकवलेत की सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र, काढताना हुशार मुलंही पायऱ्या चुकतात.

मी स्वतः हे सगळं शिकूनही एकदा माती खाल्ली. समुद्राकाठच्या एका फ्लॅटला, मालकांच्या हौसेखातर, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच दिली. फोटो झकास आले. एप्रिलमध्ये गेलो तर दुपारी तीनला जाड पडदे ओढलेले, त्यावर सोलापुरी चादर पिनांनी टाचलेली, आणि दोन एसी घरघरत होते. घरातल्या काकू म्हणाल्या, "समुद्र ना? दिसतो की, सकाळी दहापर्यंत."

म्हणून पहिल्याच आठवड्यात मी मुलांना त्यांनी काढलेल्या घराच्या सेक्शनवर पाऊस काढायला सांगतो. सगळे उभ्या रेघा मारतात. मग म्हणतो, जुलैतला पाऊस आहे, पश्चिमेकडून तिरका काढा, आणि रेघ घरात कुठवर जाते ते मोजा. बहुतेकांची सोफ्यापर्यंत जाते.