रियासतकार, बखरकार आणि आमचा हेळवी

गोविंद सखाराम सरदेसायांना आमच्या मोडी वाचणाऱ्या मंडळींत कुणी गोविंदराव म्हणत नाही. ते रियासतकार. बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत असताना 'रियासत' हा इतिहासग्रंथ लिहायला घेतला आणि ग्रंथाचं नाव माणसालाच चिकटलं. पुढे 1930 ते 1934 या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले, पण त्यांना दफ्तरकार काही कुणी म्हटलं नाही.

इतिहास संशोधक वि. का. राजवाडे मात्र इतिहासाचार्य. त्यांना ते शोभतंही. गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची जुन्या कागदांची दप्तरं उतरवणारा माणूस. पण हल्ली ही पदवी फार स्वस्त झालीय. मी कोल्हापुरात मोडी कागद वाचून देते. 2023 साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हापासून गाव नमुना 14 चे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचे, फोटो घेऊन माणसं दारात उभी. त्या गडबडीत कुणीतरी सत्कार ठरवला नि पत्रिकेवर मला 'इतिहासाचार्या' छापलं! फोन करून 'मोडी वाचक' करून घेतलं. जन्माच्या नोंदी वाचून कुणी आचार्य होत नाही.

बखरकार, म्हणजे जुन्या काळी राजाची किंवा लढाईची हकिकत लिहिणारा, या शब्दाचं उलटं झालंय. राजवाड्यांनी अस्सल पत्रं पुढं आणल्यापासून तो जवळजवळ टोमणाच झाला. "बखर लिहिताय काय?" म्हणजे पदरची भर घालताय काय. मला हे पटत नाही. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत शिवछत्रपतींची हकिकत लिहिली, ती शिवशाही डोळ्यांनी बघितलेला माणूस म्हणून. तारखा चुकल्या असतील, पण तो तिथं होता की!

आणि ही लिहिणारी बरीच माणसं बघा, मूळची कारकुनी पेशातली. बखरकार मल्हार रामराव चिटणीस तर आडनावातच. 'भक्तविजय' लिहिणारे संतचरित्रकार महीपती ताहराबादचे कुलकर्णी. चरित्रकार म्हटल्यावर पहिलं नाव येतं त्या धनंजय कीरांची नोकरी मुंबई महापालिकेत. दिवसा नोंदी, रात्री चरित्र.

आमच्याकडं एक वेगळाच माणूस येतो, हेळवी. बैल घेऊन दारात उभा राहतो आणि घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो. आता त्याच्याकडं वही असते, नवी बाळं त्यात चढतात. त्याला इतिहासकार कोण म्हणणार? गेल्या खेपेला मी विचारलं, "मामा, यात लेकींची नावं का नाहीत?"

"लेकी दुसऱ्या घरच्या वहीत जात्यात, ताई."

"मग सासरच्या वहीत तरी असतील?"

"तितं त्यांच्या नवऱ्याचं नाव असतंय."

म्हटलं, वही इकडं द्या. दिली नाही. पायलीभर जोंधळा मात्र घेऊन गेला.