जावक क्रमांक मीच टाकला होता

विवाह नोंदणीच्या टेबलावर माझी सहा वर्षं गेली. हार, पेढे, आधार कार्ड घरी विसरून आलेला तिसरा साक्षीदार, सगळं अंगवळणी पडलं होतं. तो मंगळवार मात्र डोक्यातून जात नाही.

विशेष विवाह कायदा १९५४ चा. जोडप्यानं नोटीस दिली की ती तीस दिवस दर्शनी भागात लावायची. त्यात नाव, वय, व्यवसाय, राहता पत्ता, शिवाय अविवाहित की विधवा की घटस्फोटित, हेही. कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फळ्यावरही लागते.

ती मुलगी इथं नोकरीला, हॉस्टेलवर राहणारी. खिडकीतून तिनं हळूच विचारलं होतं, "दादा, ही आमच्याकडे पण जाणार का?"

"जिल्ह्याला जाईल, गावात नाही," मी म्हणालो. जणू त्यानं काही फरक पडणार होता!

बाराव्या दिवशी तिघे आले. एकाच्या मोबाइलवर त्या प्रतीचा फोटो, कोपऱ्यात माझी सही. बोटांनी मोठा करून त्यानं हॉस्टेलचा पत्ता दाखवला. "हा बरोबर आहे ना?"

"मला सांगता येणार नाही."

"तुम्हीच तर पाठवलाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलीच्या काकांनी हरकतीचा अर्ज आणला होता. घराण्याची अब्रू, फूस लावली, वगैरे. साहेबांनी तो शांतपणे वाचला. कलम ४ पाहतं ते एवढंच : आधीचा जोडीदार हयात आहे का, मनःस्थिती ठीक आहे का, मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची झाली का, निषिद्ध नातं आहे का.

"यातलं काही आहे?"

"नाही. पण आम्हाला मान्य नाही."

"तुमची मान्यता कायद्यानं मागितलेलीच नाही," साहेब म्हणाले.

मग त्यांना आवतण कशाला धाडलं? वय दाखल्यावरून कळतं, घटस्फोट हुकूमनाम्यावरून. माझ्या भाच्याचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली हॉलमध्ये लागलं, नोंदणी नंतर झाली. त्याचा पत्ता कुणी महिनाभर काचेआड टांगला नाही. नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्यानं ठरवावं, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं होतं. ते कात्रण मी साहेबांपुढे ठेवलं.

"आपल्याला परिपत्रक आलंय का?"

नव्हतं आलं.

संध्याकाळी अर्जावरच्या नंबरवर फोन लावला. मुलीचा बंद. मुलानं उचलला, "बघतो" म्हणाला आणि ठेवला.

तीस दिवस झाले, ती दोघं आली नाहीत. तीन महिन्यांनी नोटीस आपोआप रद्द होते, तशी झाली. दुसरीकडे कुठं लग्न केलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. काचेमागचा कागद काढला, टाचण्या डबीत टाकल्या. नोटीसवहीत मात्र ते पान आहे. कार्यालयाच्या वेळेत कुणीही येऊन बघू शकतं, फी नाही.