आमची वाटचाल : साडीवर लिहिणारं इंदूरचं ऑफिस

फॅशनचं लेखन म्हणजे मासिकात सदर, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. आमचं रामबागेतलं ऑफिस त्यावर चालत नाही. कॅटलॉग, ऑनलाइन दुकानांतली वर्णनं, हँगटॅग, धुण्याच्या सूचना, साइज चार्ट, रीलच्या संहिता, नव्या कलेक्शनची प्रेसनोट, हे आम्ही मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहितो. काम भरपूर आहे. ज्याला कापड कळतं असा लिहिणारा मिळत नाही.

सुरुवात मी आणि वहिनींनी केली. भाषा माझी, कापड त्यांचं. माहेरून येताना त्यांनी धागे मोजायचं पितळी भिंग आणलं होतं, घडीचं, एक इंचाची चौकट असलेलं. ते आजही टेबलावर असतं. महेश्वरच्या माहेश्वरी साडीवर ठेवलं की रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे) वेगवेगळे दिसतात. साडी हातात आल्याशिवाय लिहायचं नाही, रंग ट्यूबलाइटखाली नाही तर खिडकीशी बघून लिहायचा, हे नियम वहिनींचे. "फोटो बघून काय लिहिता भाऊजी, काठ उलटून बघा," म्हणायच्या. माहेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून साडी दोन्हीकडून नेसता येते. गिऱ्हाइकाला हेच एक वाक्य हवं असतं.

मधली वर्षं बरी गेली. मग आमच्याच टेबलावर शिकलेल्या एका मुलाने वेगळी एजन्सी काढली. त्याचं दुःख नाही, धंद्यात असं होतंच. पण त्याने आमची वर्णनं उचलली, विशेषणं बदलली आणि आमच्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याकडे शब्दाला चाळीस पैसे दर घेऊन गेला. इतकी वर्षं ज्यांचा माल आम्ही तोलून मापून लिहिला, त्यांनी एका फोनवर काम काढून घेतलं. मागची बिलंही अडवली. दोन मुली सोडून गेल्या, भाडं थकलं, वहिनींनी पाटल्या मोडल्या. हे मी विसरलेलो नाही.

त्या काळात आम्हाला धरून ठेवलं महेश्वरच्या एका भाभींनी. घरचे माग, माल थोडा, पण दर हंगामात गठ्ठा बसने पाठवायच्या आणि पैसे आधी. प्रत्येक साडीला चिठ्ठी: काठाची नक्षी चटईची की ईंट म्हणजे विटेची, किनार कोणी विणली, रंग कच्चा की पक्का. त्या चिठ्ठ्यांमुळे आमचं लेखन सुधारलं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तिकडे नव्या एजन्सीने रेशमी ताणा-सुती बाण्याच्या मिश्र साड्यांवर सरसकट 'शुद्ध रेशीम' लिहिलं. सिल्क मार्कचं लेबल शंभर टक्के रेशमालाच मिळतं, हे लिहिणाऱ्याला माहीत नको? गिऱ्हाइकांनी धागा जाळून बघितला. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, सुताला जळक्या कागदाचा. माल परत येऊ लागला. व्यापारी आमच्याकडे आले. झाल्या प्रकाराबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण आमचा दर मान्य केला. मागची बिलं आधी घेतली, मगच त्यांची साडी उघडली. आणि ती एजन्सी अजून स्वतःला इंदूरची पहिली म्हणवते. पहिले आम्ही आहोत.

या क्षेत्रात येणाऱ्यांना सांगतो. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचा फॅशन कम्युनिकेशनचा चार वर्षांचा अभ्यासक्रम चांगला आहे, जमला तर करा. नाही जमला तर इंदूरच्या शीतलामाता बाजारात साडीवाल्याच्या गादीवर बसून घड्या उलगडताना बघा. शब्दावर दर घेऊ नका, नगावर घ्या. चाळीस शब्दांचा टॅग लिहायला चारशे शब्दांची माहिती लागते. चंदेरीची बुटी पालथी करून बघायची सवय लावा: तिल्लीने, म्हणजे बुटीचा धागा गुंडाळलेल्या छोट्या काडीने, हाताने भरलेली असेल तर मागे कापलेले धागे लोंबत नाहीत. 'रॉयल' आणि 'एलिगंट' हे शब्द वर्षभर बंद ठेवा. मराठी गिऱ्हाइकासाठी लिहाल तेव्हा नऊवारी की सहावारी, ब्लाउजपीस जोडलेला की सुटा, हे पहिल्या ओळीत द्या. फोनवर तेच विचारतात.

सध्या आम्हाला दोन जण हवेत. नमुना म्हणून घरातल्या कुठल्याही एका साडीवर शंभर शब्द लिहून आणा, आणि साडीही बरोबर आणा. वहिनी भिंग घेऊन बसतील.