भर दुपारी हत्ती दिसत नाही

रत्नागिरीतल्या मित्राच्या घरी भिंतीवर एक फोटो होता. काळपट कातळात कोरलेल्या रेषा, त्यांत साचलेलं पावसाचं पाणी, पाण्यात आभाळ. कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सड्यावरचा. इथे कुठेही बघ." सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार. तेवढ्या माहितीवर सप्टेंबरअखेरीस ही कातळशिल्पं बघायला निघालो.

पावस, पूर्णगड, गावखडी अशा किनाऱ्याच्या रस्त्याने राजापूर तालुक्यातल्या कशेळीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पहिली चूक हीच. इथल्या सड्यावर कोरलेला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब, त्याच्या पोटात प्राणी-पक्ष्यांची कितीतरी चित्रं. मला मात्र उन्हात तापलेला जांभा दिसला, बस्स. डोक्यावर सूर्य असला की खोदलेल्या रेषेत सावलीच पडत नाही. गुरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. "आता काय दिसणार हो? ऊन कललं की या."

मधला वेळ कनकादित्याच्या देवळात काढला. देऊळ सुरेख आहे, पण खरं सांगायचं तर लक्ष घड्याळाकडेच होतं. पाचनंतर परत गेलो. तिरप्या उन्हात आधी सोंड, मग पाठीचा बाक, मग आतला एकेक जीव वर येत गेला. कॅमेरा काढायचं भानच राहिलं नाही. काढला तेव्हा चांगला उजेड दहा मिनिटं उरला होता.

तेव्हा जाणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जावं. आकृती मोठी असल्याने उभ्याने फोटोत मावत नाही. लांब सेल्फी स्टिकला मोबाइल लावून टायमरवर काढा. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणारे महाभाग असतात. ते करू नका, चित्रावर पायही देऊ नका. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीचा हत्ती आकाराने लहान, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला तो लवकर उमगतो. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावी जाल तर होकायंत्र न्या. तिथल्या कोरलेल्या मनुष्याकृतीवर ठेवलं की सुई भलतीकडे वळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सड्यावर पालथा पडलो. कासला फुलांसाठी रांगा लागतात. इथे अख्ख्या सड्यावर मी एकटा. बोटभर मातीच्या थरात सीतेची आसवं या फुलांचा जांभळा पट्टा, त्यात गेंदाच्या फुलाची पांढरी टिकली. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण मातीतल्या चिमुकल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. मातीत पोषण नाही, करणार काय! गावात या जमिनीला ओसाड म्हणतात. फोटोसाठी मोबाइल जमिनीला टेकवायचा, फुलामागे आभाळ घ्यायचं. दोन हजारांची क्लिप-ऑन लेन्स नेली होती, एकदाही लागली नाही.

सड्यावर सावली नाही, पाणी नाही. दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच. शेवाळावर चप्पल घसरते. माझा डावा गुडघा अजून दुखतोय. एसटीने गावापर्यंत जाता येतं, पण पहाटेचं ऊन गाठायचं तर दुचाकी बरी. जून-जुलैत गेलात तर कोकण दीपकाडीची पांढरी फुलं मिळतील. ती माझी राहिली.

मित्राच्या भिंतीवरचा फोटो नेमका कुठला, ते काही सापडलं नाही. पाणी तोवर आटलं होतं.